मोठे उंदीर गेले, छोटे आले

गेल्या पावसाळ्यात माझगावच्या आमच्या जुन्या चाळीत, तळमजल्यावरच्या खोलीत, गटारातून मोरीवाटे चढणारे तीन मोठे तपकिरी उंदीर आम्ही पिंजरा लावून पकडले. भिंतीच्या कडेने त्यांच्या अंगाच्या तेलकटपणाचा आणि मुताचा जो काळपट पट्टा पडला होता, तो मी फिनेलने घासून काढला. पंधरा दिवसांच्या आत तांदळाच्या डब्यामागे जिऱ्याएवढ्या बारीक लेंड्या दिसू लागल्या. घरउंदीर, म्हणजे ज्याला आपण नुसता छोटा उंदीर म्हणतो, तो आला होता.

या दोन घटनांचा संबंध आहे असे माझे ठाम मत आहे. तपकिरी उंदीर घरउंदराला मारतो आणि खातोही. त्यामुळे घरउंदराच्या दृष्टीने तो केवळ दाण्यांचा वाटेकरी नसून शिकारी आहे, आणि त्याची चाहूल डोळ्यांआधी नाकाला लागते. 2010 मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की मोठ्या उंदराच्या मुतातील एक प्रथिन हुंगताच घरउंदीर घाबरतो, आणि ही भीती नाकाच्या तळाशी असलेल्या व्होमेरोनेझल इंद्रियातून जागी होते. ते इंद्रिय निकामी असलेले घरउंदीर घाबरत नाहीत. विशेष म्हणजे याच कुळातली प्रथिने घरउंदीर स्वतःच्या मुतातून आपली हद्द आखायला वापरतो. म्हणजे एका जातीचा आपसातला निरोप दुसऱ्या जातीला धोक्याची सूचना ठरतो. 2018 मध्ये टोकियो विद्यापीठातील संशोधकांना तर मोठ्या उंदराच्या नराच्या अश्रूंतही असे प्रथिन सापडले. त्याने त्याच जातीची मादी जागच्या जागी थांबते, आणि घरउंदराची हालचाल मंदावून त्याच्या हृदयाचे ठोके व शरीराचे तापमान कमी होते.

न्यूझीलंडच्या जंगलांत मोठे उंदीर कमी केल्यावर घरउंदीर वाढल्याची नोंद आहे. आपल्याकडे मात्र उंदीर मारण्याच्या मोहिमेत किती मारले एवढेच मोजले जाते, त्यांच्या रिकाम्या जागेत कोण येणार हे कोणी विचारत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या जागेची किंमत शेवटी गरिबाच्या धान्याला मोजावी लागते.

कापूर, डांबराच्या गोळ्या, बाजारातले वासाचे फवारे यांवर माझा विश्वास नाही. ज्या वासामागे खरा धोका नसतो, त्याला हे प्राणी चार दिवसांत सरावतात. मोठ्या उंदराचा वास टिकतो तो त्याच्या दातांमुळे.

म्हणून आता मी पिंजरा लावण्याआधी मोरीच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवतो, दाराखालची फट पट्टीने बंद करतो. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून घरउंदीर आत शिरतो, हे हिशेबात धरूनच. जाळी आणि पट्टी आधी, फिनेल नंतर.