‘बायका लिहीतच नव्हत्या’ म्हणे!

हा दावा सध्या फार फिरतोय: ‘विद्यापीठाच्या मराठीच्या अभ्यासक्रमात जात, वर्ग, लिंग शोधू नका. तिथं गुणवत्ता बघतात. बायका आणि कष्टकरी लिहायलाच उशिरा लागले, आणि आता तर सगळीकडे त्यांचंच चाललंय.’

आधी ‘उशिरा’चं बघू. फुल्यांच्या शाळेतली, मांग समाजातली चौदा वर्षांची मुक्ता साळवे. तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १८५५ साली छापून आला. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ साली. अभ्यासक्रम ठरवणारे जमायच्या आतच मजकूर छापून तयार होता! वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवाला विचारते आणि बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे त्याच दमात सांगते. जात, गरिबी, बाईपण तिला वेगवेगळं मांडावं लागलं नाही. आपण मात्र त्याचे तीन वेगळे पेपर करतो.

आता गुणवत्ता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुरुषांच्या दुटप्पीपणावर बोट ठेवणारं पुस्तक १८८२ चं. त्यावर टीका झाली तेव्हा फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात त्यांची बाजू घेतली. पुढं पुस्तक जे विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. नव्वदहून जास्त वर्षं! वाचून नापास केलं असतं तर वाद घालता आला असता. इथं उत्तरपत्रिका उघडलीच नाही.

‘कष्टकरी लिहीत नव्हते’ हे अर्धवट खरं आहे. लिहायला शिकू कोण देत होतं? पण रचत होते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या संशोधकांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, गाणारणीचं नाव आणि गाव नोंदवून. आपल्याकडे ओवी शिकवताना मात्र कवयित्री ‘अनामिक’. नाव विचारलं नाही की माणूस अनामिकच होतो.

राहिलं ‘आता त्यांचंच चाललंय’. मराठीबाहेरचं उदाहरण देतो, कारण ते कागदोपत्री आहे. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या इंग्रजी ऑनर्समधून महाश्वेता देवींची ‘द्रौपदी’ ही आदिवासी बाईची कथा काढली. बामा आणि सुकीर्तराणी या दलित लेखिकाही गेल्या. विद्वत् परिषदेच्या पंधरा सदस्यांनी लेखी विरोध नोंदवला. अभ्यासक्रम मंजूर झाला.