कूलरपुढची जागा

होळी जळाली, थंडी पळाली. बाकीचा महाराष्ट्र एवढं म्हणून थांबतो. आमच्या नागपुरात पुढे अजून एक वाक्य असतं आणि ते घरातल्या बाईकडे बघून म्हणायचं असतं : "कूलर काढायचा नं यंदा?"

हे 'यंदा' कशासाठी, ते मला लग्नाला वीस वर्षं होत आली तरी कळलेलं नाही. जणू एखाद्या वर्षी आम्ही सगळे बसून, चहा घेऊन, 'नको बाप्पा, राहू दे या वर्षी' असं ठरवणार आहोत.

आणि 'काढायचा' हेही खोटंच. कूलर कुठे गेलेला नसतो. तो मागच्या पडवीत जुन्या चादरीखाली आठ महिने उभाच असतो. काढायच्या असतात त्या त्याच्या पोटातल्या वस्तू. एवढं मोठं पत्र्याचं खोकं रिकामं दिसतंय, हे आमच्या घरात कोणाला सहन होत नाही. यंदा त्यातून निघालं ते असं : एक शेपटी तुटलेला आकाशकंदील, मखराच्या पट्ट्या, लेकीचं ते हेल्मेट जे 'कॉलेजातून चोरीला गेलं' म्हणून आम्ही नवं घेऊन दिलं, आणि ह्यांनी 'आजपासून रोज सकाळी' असं म्हणत आणलेले दोन डंबेल्स. डंबेल्स बघून हे म्हणाले, "अरे, मी हे शोधून राहिलो होतो!" मी काही बोलले नाही. वीस वर्षांत तेवढं शिकले आहे.

मागच्या वर्षी तर टाकीत कबुतराचं घरटं निघालं, दोन अंड्यांसकट. सासूबाईंनी फर्मान काढलं, पिलं उडेपर्यंत कूलरला हात लावायचा नाही. कबुतराचं पिल्लू उडायला महिनाभर घेतं, हे ज्ञान मला आयुष्यात लागेल असं कधी वाटलं नव्हतं. आम्ही अर्धा एप्रिल पंख्याखाली उकडून घेतलं आणि सासूबाई रोज पडवीत जाऊन पिलांना विचारायच्या, "कावं, जाता का आता?"

टाकी घासणं माझ्याकडे. त्यावर घरात कधी चर्चा झाली नाही, तशी गरजच कोणाला वाटली नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडांना चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, खसाखसा घासावं लागतं. अर्धं शरीर टाकीत, अर्धं बाहेर, अशा अवस्थेत मी असताना दाराची बेल वाजते आणि सगळं घर एका सुरात म्हणतं, "आई, बेल वाजली."

दुरुस्ती मात्र ह्यांच्याकडे. दरवर्षी शपथ एकच : "कूलरवाल्याला बोलवायचं नाही. त्यात काय असतं? एक पंखा, एक मोटर." रविवारी सकाळी तर्री पोहे हाणून हे बनियनवर बसतात. समोर पकड, पेचकस, काळी टेप, एम-सील आणि मी. मी म्हणजे टॉर्च. टॉर्च धरणाऱ्या माणसाला मत नसतं. लाल वायर निळ्याच्या जागी जाते आहे हे मला दिसत होतं, पण मी दोनदा घसा खाकरण्यापलीकडे काही केलं नाही. पाण्याच्या नळीची भोकं क्षाराने बुजलेली होती, ती माझ्याच मंगळसूत्राला लावलेल्या सेफ्टी पिनने एकेक करून मोकळी केली. चार तासांनी सगळं जोडून, कूलर हॉलच्या खिडकीबाहेर स्टँडवर चढवून, उदबत्ती लावून बटण दाबलं.

आवाज झक्कास आला. वारा येईना.

हे जाळीला हात लावून बघतात, सासरे चष्मा लावून बघतात. तेवढ्यात गल्लीतून शेजारच्या काकू ओरडल्या, "वहिनी, आज सडा कूलरनंच टाकून राहिल्या का?" बाहेर जाऊन बघते तर पंखा उलटा फिरत होता. आमचा कूलर मोठ्या इमानाने सगळी गल्ली थंड करत होता, वर पाण्याचे तुषार. पुढ्यात गल्लीतला लाल्या कुत्रा चारी पाय पसरून पडला होता. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी आमच्या घरात कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

कूलरवाला आला. दोन मिनिटं बघून म्हणाला, "ताई, भाऊंनी खोलला होता का?"

"हव."

"मंग बरोबर आहे." त्याने दोन वायरी अदलाबदल केल्या आणि पैसे घेतले ते मात्र चार तासांचे.

ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या पाणी मुरणाऱ्या चौकटी, भरायच्या तर खस की गवत, हा वाद आमच्याकडे भाऊबंदकीच्या जमिनीसारखा चालतो. मुलांना ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखं हनीकोंब पॅड हवं असतं, ह्यांना स्वस्त म्हणून गवत. मी खसवर अडून बसते. खस म्हणजे आपला वाळाच, तोच जो पुरचुंडी करून माठात टाकतो. कोरडा असताना नुसत्या काड्या. पण पहिलं पाणी पडलं आणि पंखा फिरला की जो वास येतो, तो ओल्या मातीचा म्हणावा तर तसा नाही, आणि अत्तरवाल्यांनी कितीही बाटल्या भरल्या तरी तोही तसा नाही. माझ्यापुरता उन्हाळा त्या वासाने सुरू होतो. तो वास टिकतो जेमतेम दोन-तीन आठवडे. खसचे पैसे निघाले नाहीत असं हे दरवर्षी हिशोब मांडून सिद्ध करतात आणि मी दरवर्षी खस आणते.

आता एसीचं. आहे, आतल्या खोलीत एक आहे. बिल बघून तो रिमोट कपाटात गेला, आणि सासऱ्यांचे गुडघे त्याने आखडतात. त्यामुळे एप्रिलपासून सहाच्या सहा जणांच्या गाद्या हॉलमध्ये.

इथे खरं राजकारण. कूलरपुढची जागा म्हणजे गादी, दोन्ही अर्थांनी. ती सासऱ्यांची. त्यांच्या शेजारी सासूबाई, पण त्यांना डोक्यावर थेट वारा नको म्हणून पदर. मग धाकटा, त्याला घामोळं येतं म्हणून. मग लेक, तिची परीक्षा असते. (मेमध्ये संपते, जागा सुटत नाही.) मग हे, दिवसभर कामावरून दमलेले. आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे कूलरचा वारा पाच जणांना भेटून, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारून शेवटी पोचतो. तोवर त्याच्यात सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

एकदाच, फक्त एका उन्हाळ्यात, मला ती पुढची जागा मिळाली. २०१३ साली धाकटा पोटात होता, सातवा महिना. त्या वर्षी २३ मे रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. लोक अजून त्या दिवसाबद्दल हळहळून बोलतात. मी मात्र कूलरपुढे पाय लांब करून कैरीचा टक्कू खात होते आणि सासूबाई मला पन्हं आणून देत होत्या. असा उन्हाळा पुन्हा आला नाही. धाकटा जन्मला आणि महिन्याभरात त्याने ती जागा घेतली. पुढे आजोबांनी त्याच्याकडून मिळवली ती अजून सोडलेली नाही.

नागपूरकराला उन्हाचा त्रास होतो, पण आकडा कमी आला तर जास्त होतो. सासरे रोज संध्याकाळी बातम्यांत तापमान बघतात. चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरी आपल्या पुढे गेलं की त्यांचं जेवणात लक्ष लागत नाही. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी, नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या कडक नऊ दिवसांत, इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. त्या दिवशी आमच्याकडे जे वातावरण होतं ते थेट वर्ल्ड कप जिंकल्याचं. सासऱ्यांनी ठाण्याला लेकीला फोन लावला. पुढे हवामान खात्याने खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. सासरे दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत. अजूनही म्हणतात, "सेन्सर कायचा बिघडते? मी स्वतः बाहेर होतो ना."

ठाण्याच्या फोनवरून आठवलं. कूलर चालू असला की त्याच्या घरघरीवरून बोलायचं म्हणून आमचं सगळं घर मे महिनाभर ओरडत असतं. नणंद फोनवर हमखास दोन प्रश्न विचारते. एक, "भांडून राहिले का तुम्ही?" आणि दोन, "पाऊस आला का तिकडे?"

तर ही नणंद आणि तिचे मिस्टर मागच्या मेमध्ये आले. ती इथलीच, तिला सगळं माहीत. भाऊजी मात्र जन्माचे ठाणेकर. दुपारी जेवण झालं, कूलरपुढच्या जागेवर जावईमाणूस म्हणून त्यांना बसवलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, उठले, आणि अतिशय प्रेमाने हॉलचं दार लावलं, समोरची खिडकी लावली. वर म्हणाले, "सगळा थंडावा बाहेर जातोय हो!"

आता ज्यांच्याकडे कूलर नाही त्यांच्यासाठी सांगते. कूलर बाहेरची कोरडी झळ ओल्या ताट्यांतून आत ओढतो, पाण्याची वाफ होताना त्या हवेतली उष्णता जाते आणि गार वारा येतो. पण तो ओला वारा पलीकडून बाहेर पडायला वाट हवी. कोंडून ठेवलात तर खोलीची न्हाणी होते. ठाण्याच्या दमट हवेत कूलर चालतच नाही तो याचसाठी, तिथली हवा आधीच भिजलेली. हे सगळं पाचवीतल्या नागपुरी पोट्ट्याला माहीत असतं. पण सांगणार कोण? जावई. दार त्यांनी लावलेलं. नणंद तोंडाला पदर लावून हसत होती, तिचा काय उपयोग.

दहा मिनिटांत आम्ही सगळे कढीतल्या गोळ्यांसारखे. सासऱ्यांच्या बनियनचा रंग बदलला. हे वर्तमानपत्राने वारा घेताना 'बातम्या वाचतोय' असा चेहरा करत होते. भाऊजींना फक्त समोरून वारा लागत असल्यामुळे ते खुशीत सांगत होते की नागपूरच्या उन्हाळ्याचा लोक उगाच बाऊ करतात. शेवटी सासूबाई उठल्या, शांतपणे दार सताड उघडलं आणि म्हणाल्या, "दिवेलागणीला दार लावू नये जावईबापू. लक्ष्मी येत असते."

घड्याळात अडीच वाजले होते. बाहेर पंचेचाळीस अंश. त्या उन्हात लक्ष्मीने दुपट्टा बांधूनसुद्धा गल्लीत पाऊल टाकलं नसतं. पण भाऊजींनी मान डोलावली, वारा वाहता झाला, आणि मला माझ्या सासूबाईंबद्दल त्या क्षणी जे वाटलं ते मी लग्नातल्या सप्तपदीलाही कोणाबद्दल वाटून घेतलेलं नाही.

रात्री पाणी भरायचं काम कोणाचं, यावर अजून लिहिता येईल, पण उत्तर तुम्हाला कळलेलंच आहे. कूलरचं पाणी संपत आलं की मोटरचा आवाज बदलतो, भरल्या घशाचा आवाज कोरडा होतो. सगळ्यांच्या झोपेत तो आवाज शिरतो, पण जाग एकटीला येते. तीन वाजलेले असतात. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पायात स्लीपर, मगच पाण्याला हात. कूलरच्या शॉकच्या बातम्या आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात, त्यामुळे यात मी एकदाही चुकत नाही. बाजूच्या दाराने बाहेर जाते, पाइप टाकीत सोडते आणि भिंतीला टेकते. रात्री तीनला ती भिंत अजून कोमट असते. लाल्या जागा होऊन एकदा बघतो, माझीच आहे म्हणून पुन्हा झोपतो.

आतून कुरबुर सुरू झालेली असते. "आई... कूलर." "अगं, वारा गेला का?" "सूनबाई..." पाच जण, एकाचेही डोळे उघडे नाहीत.

टाकी भरते. मी आत येते, प्लग लावते, बटण दाबते. पंखा आधी गरम हवेचा एक भपकारा सोडतो, मग वरून पाणी ठिबकायला लागतं, ताट्या पुन्हा चिंब होतात आणि खसचा तो वास, दिवसभर गेला होता तो, परत येतो. मी आजकाल लगेच दाराशी जात नाही. आजोबांची गादी ओलांडून जाळीच्या अगदी समोर उभी राहते. गाऊन शिडासारखा फुगतो, मानेवरचा घाम गार पडतो, केस मागे उडतात. घरातला सगळा वारा एकट्या मला.

"आई, सरक ना. वारा अडून राहिला," धाकटा झोपेतच म्हणतो.

कूलरच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही.