ताप गणपतीत, गळती देवदिवाळीला: गुहागरच्या ताईंना उत्तर

ताई,

तापानंतरची केसगळती तात्पुरती असते, काहीच करायला नको, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली. ‘मूठमूठ केस हातात येतायत आणि तुम्ही तात्पुरतं म्हणून मोकळ्या होता. ताप आला गणपतीत, केस गळायला लागले देवदिवाळीला, त्यांचा संबंध काय? दोष आमच्या विहिरीच्या खाऱ्या पाण्याचा आहे,’ असं तुम्ही लिहिलंत.

आधी पाण्याचं. खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात त्या चैत्र-वैशाखात. पावसाळा सरल्यावर त्यांना गोडं पाणी भरपूर असतं. मग केस मे महिन्यात का नाही गळले? क्षारांनी केस राठ होतो, मधेच तुटतो, पण मुळातून सुटत नाही. गळलेला केस उजेडात धरा. टोकाला पांढरा ठिपका दिसला तर तो मुळातून आलाय.

आणि तुम्हाला खटकलेलं ते अंतर, तीच तर या गळतीची खूण. डोक्यावर साधारण लाखभर केस. त्यातला दहातला एक एरवीही विश्रांतीत असतो. जबर तापात एकदम पुष्कळ केस विश्रांतीत जातात. पण असा केस लगेच पडत नाही. दोन-तीन महिने मुळाशी चिकटून राहतो, मग सुटतो. अमेरिकन त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली याला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ म्हटलं. भाद्रपद चतुर्थी ते मार्गशीर्ष प्रतिपदा मोजा बरं: तीन महिन्यांना तीन दिवस कमी! बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात, असं म्हाताऱ्या म्हणतात. त्यात बाळाचा काय दोष, बाळंतपणाला तेव्हा तीन-चार महिने झालेले असतात.

‘काहीच करायला नको’ हे वाक्य मात्र माझी चूक. लेखातून काढून टाकलंय. औषधांच्या दुकानात उभी राहून असं लिहिणं मला शोभलं नाही. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी लोहाचा साठा रिता असू शकतो; तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. थायरॉइडही बघून घ्या. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा, त्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

सहा महिन्यांनीही गळती थांबली नाही, भांग रुंदावत गेला किंवा रुपयाएवढी चाई पडली, तर प्रकरण वेगळं, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. एरवी केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, त्यामुळे वेणी भरायला वर्ष-दीड वर्ष जाईल. मधल्या काळात कपाळावर आखूड, ताठ केस उभे दिसले तर पाण्याने तुटले म्हणून कापू नका हां. ते बहुधा नवे असतील.