कॉन्फिग फाइलीत कॉमेंट नको, सगळं विकीवर टाका… म्हणे!

आमच्या इंदूरच्या मराठी आयटीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, "कॉन्फिग फाइलीत कॉमेंट लिहू नका फाइल जड होते, मॅन पेज आता कोणी वाचत नाही, सगळं विकीवर टाका". आज पोहे खाताना तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहितोय. (नव्या लोकांसाठी: कॉन्फिग फाइल म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल, कॉमेंट म्हणजे तिच्यात माणसांसाठी लिहिलेली टीप, मॅन पेज म्हणजे मशीनवरच असलेलं मदतीचं पान, आणि विकी म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट.)

जड होते? अहो सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, ती फाइल सुरू होताना वाचते नाहीतर रीलोडला, हॅशची (#) ओळ, म्हणजे कॉमेंट, दिसली की सोडून देते. जेसन प्रकारच्या फाइलीत कॉमेंट चालतच नाही हे मान्य, तिथे शेजारी रीडमी (माहितीची साधी फाइल) ठेवा, विषय संपला.

आता मॅन पेज. आमच्याकडच्या नव्या पोराने क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) ० ९ १ * १ लिहिलं, म्हणजे सकाळी नऊ, एक तारीख, कुठलाही महिना, सोमवार, त्याला वाटलं एक तारखेला सोमवार आला तरच चालेल, आणि ते चालायला लागलं दर एक तारखेला आणि वर दर सोमवारी पण, कारण तारीख आणि वार दोन्ही दिले की दोघांतलं एक जुळलं तरी पुरतं. हे मॅन पेजात साफ लिहिलंय, फक्त नुसतं मॅन क्रॉनटॅब मारलं की कमांडचं पान उघडतं, फाइलीचं पान पाचव्या सेक्शनमध्ये, म्हणजे मॅन ५ क्रॉनटॅब. लोक पहिलं पान बघतात आणि म्हणतात यात काही नसतं. शिवाय ते पॅकेजबरोबरच येतं, म्हणजे तुमच्या मशीनवर जे व्हर्जन आहे त्याचंच.

विकीचं तर विचारूच नका. एका जुन्या ऑफिसात विकी त्याच सर्व्हरवर होतं, रात्री दीडला रीस्टार्टनंतर वेबसर्व्हर उठेना, उपाय विकीवर आणि विकी त्याच वेबसर्व्हरच्या मागे. हसू का रडू भिया! कुठला सर्व्हर कशाला, कोणाला फोन करायचा, एवढं विकीवर ठीक आहे, तेही दुसऱ्या मशीनवर.

कोणी म्हणेल फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये असतंच की. असतं, पण बदलासोबतची टीप, म्हणजे कमिट मेसेज, काय तर "फिक्स".

नियम मॅन पेजात असतो, आपण तसं *का* केलं ते फाइलीतच लिहायचं. एसएसएचचंच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) बघा, तिथे आधी वाचलेली व्हॅल्यू लागते, उबंटूत दुसऱ्या फोल्डरमधल्या फाइली आत घेणारी इन्क्लूडची ओळ सगळ्यात वर, मग खाली पासवर्ड लॉगिन "नो" करून बसा, त्या इन्क्लूडच्या फोल्डरमधल्या फाइलीत "येस" असेल तर तेच चालणार. आम्ही तिथे दोन ओळी कॉमेंट टाकलीय, तारीख आणि कारण. अपग्रेडला डेबियन (उबंटू ज्यावर बेतलंय ती सिस्टीम) विचारतं ना तुमची फाइल ठेवू का नवी घेऊ, तेव्हा ती कॉमेंट बघूनच ठरवतो.