दीड स्टारची शाळा

ती यादी तुमच्याही ग्रुपवर आलीच असेल. नागपुरात आपल्या भागातल्या शाळा, समोर तारे, आणि सगळ्यात तळाशी आपली मनपाची शाळा, दीड तारा घेऊन. यादी बनवणारा आमच्याच कट्ट्यावरचा. बेसा-पिपळा रोडवर फ्लॅट विकतो, म्हणून त्याला आम्ही स्क्वेअरफूट म्हणतो. रविवारी तो आला आणि मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. मास्तर चष्मा पुसू लागले की समोरच्याची खैर नसते, हे अर्ध्या सक्करदऱ्याला माहीत आहे. अर्धा सक्करदरा याच शाळेत त्यांच्याकडेच गणित शिकलेला.

"काय बे, एक तारा समजला. वरचा अर्धा कशाचा?"

"मास्तर, पर्सनली नका घेऊ. बेसिकली तो डेटा आहे. बोर्डाचा निकाल, पट आणि स्टुडंट प्रोफाइल. तिन्हीचं वेटेज लावून स्कोअर काढला."

"वेटेज कोणं ठरवलं?"

"मीच."

"म्हणजे पोहे याचे, तर्री याची, अन् तिखट किती लागलं तेही हाच सांगणार," लाइनमन म्हणाला. (महावितरणमधून रिटायर होऊन बराच काळ झाला, पण नाव काही सुटलं नाही.)

स्क्वेअरफूटनं फोन काढला, स्क्रीन मोठी केली आणि सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवली. "पाहा. बाजूची शाळा शंभर टक्के. आपली पाहा. आता याच्यात माझा काय दोष?"

मास्तरांनी स्क्रीन पाहिलीच नाही. "बाजूच्या शाळेत नववीत किती पोट्टे होते?"

"नववीचं काय घेऊन बसले? निकाल दहावीचा आहे."

"हेच तुले शाळेत समजत नव्हतं अन् आताही नाही समजत. दहावीचा निकाल नववीत लागते. समज नववीत साठ पोट्टे. त्यातले दहा कच्चे. त्यांच्या बापाले बोलवायचं, चहा पाजायचा अन् सांगायचं, भाऊ, पोराचं वर्ष वाया जाईल, 17 नंबरचा फॉर्म भरून टाका. पोट्टं बाहेरून बसते. पास झालं तर आनंद, नापास झालं तर ते बाहेरचं. शाळेचे पन्नास बसले, पन्नास पास. बॅनर लागला. आमच्याकडे ते दहाही वर्गातच बसतात. कारण आमच्यानंतर मनपाची दुसरी शाळा नाही, रस्ता आहे."

वकीलसाहेब लगेच म्हणाले, शंभर टक्केवाल्या सगळ्याच शाळा असं करतात असं म्हणता येणार नाही, अब्रुनुकसानी लागते. मास्तर म्हणाले, मी सगळ्या म्हटलंच नाही, मी फक्त नववीचा पट विचारला. तो या यादीत काहून नाही तेवढं सांगा.

तो नव्हताच. स्क्वेअरफूटनं दोनदा वरखाली करून पाहिलं.

मग मास्तर सुटले. निकालाचे आकडे त्यांना तोंडपाठ, आपल्याला शेजाऱ्याचा फोन नंबर पाठ नसतो तिथं. "2018 ले राज्याचा निकाल 89.41 टक्के. 2019 ले 77.10. 2020 ले 95.30. आता सांग, एका वर्षात महाराष्ट्रातले पोट्टे ढ झाले अन् दुसऱ्या वर्षी हुशार झाले का? 2019 ले भाषेचे तोंडी परीक्षेचे 20 मार्क काढले होते. बोंब झाली, पुढच्या वर्षी परत दिले. पोट्टे तेच, मास्तर तेच, फळा तोच. अन् 2021 ले करोनात परीक्षाच झाली नाही, तर निकाल 99.95. तुह्या हिशेबानं ते वर्ष शिक्षणाचं सुवर्णयुग."

लाइनमनला इथं चेव आला. "अन् विभागाचं काय? 2023, 24, 25, तिन्ही वर्षी नागपूर विभाग राज्यात शेवटी. 2025 ले कोकण 98.82 अन् आपण 90.78. असं कर, सगळ्या नागपुरालेच दीड तारा देऊन टाक अन् तुह्ये फ्लॅट रत्नागिरीत बांध."

नागपूर शेवटी म्हटल्याबरोबर वकीलसाहेब उठून बसले. आपल्याकडे कॉपी कमी होते म्हणून आकडा कमी दिसते, हे त्यांचं जुनं मत. तिथून ते सिंचनाच्या अनुशेषावर गेले आणि अनुशेषावरून 1953च्या नागपूर करारावर. नागपूर करारावरून माणूस परत यायला अर्धा तास लागतो, त्यामुळे मास्तरांनी मध्येच अडवलं: "साहेब, कोकण विभाग म्हणजे रत्नागिरी अन् सिंधुदुर्ग, दोन जिल्हे. आपल्या विभागात गडचिरोली-गोंदियासकट सहा. अन्याय नंतर मोजू, आधी पोट्टे मोजू."

स्क्वेअरफूटला वाटलं विषय टळला. तो हळूच चहा प्यायला लागला.

"तो तिसरा रकाना सांग. प्रोफाइल."

"ते नॉर्मल आहे मास्तर. पॅरेंट्स काय करतात, बॅकग्राउंड काय. कस्टमर विचारते."

"काय विचारते?"

"हेच, की क्राउड कसा आहे म्हणून."

"मंग जात विचार नं सरळ. खोली भाड्यानं देताना विचारतोस तशी. 'पूर्ण नाव काय?' म्हणून. दीक्षाभूमीच्या गावात राहून तुले एवढी लाज, बरं आहे."

स्क्वेअरफूट म्हणाला, तसं काही नाही, यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीत, सरकार स्वतःच प्रवर्ग, लिंग, अपंगत्व, सगळं भरायला लावते, मग त्यानं पाहिलं तर काय बिघडलं? हा मुद्दा बरोबर होता. त्या दिवशीचा त्याचा तो एकमेव बरोबर मुद्दा, म्हणून नोंदवून ठेवतो.

मास्तरही थांबले. "भरायलाच पाहिजे. कोणाचं पोट्टं शाळेत आलं अन् कोणाचं गळलं, ते त्याच्याशिवाय कळणार कसं? शिष्यवृत्ती कोणाले द्यायची? तो रकाना तूही ठेव. पण त्याच्यानं तारे कापून राह्यला तू. आमच्या वर्गात अर्ध्या पोट्ट्यांच्या घरी छत्तीसगढी. ग्राउंडवर हिंदी. पुस्तक मराठी. बाप सेंट्रिंगवर, माय चार घरची भांडी करते. अशी पोट्टी साठ टक्के घेते. तिकडं डॉक्टरचा पोरगा दोन ट्युशन लावून पंच्याऐंशी घेते. त्या पंच्याऐंशीत शाळा किती अन् ट्युशन किती? अन् या साठात शाळा किती? ते लाव तुह्या वेटेजमध्ये, मंग तारे पाहू."

यावर कोणी काही बोललं नाही. खरं म्हणजे लाइनमननं दाद द्यायला हात उचलला होता, पण त्यात भज्याचं होतं.

तेवढ्यात काकूंनी गंज उतरवला. टपरी त्यांची, कट्टाही तसा त्यांचाच, आम्ही फक्त बसतो. "मास्तर, तुमचं झालं असलं तर एक सांगा. नातीची आठवी झाली. नववीत कुठं टाकू?"

काकूंची नात शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के राखीव जागांच्या सोडतीतून पहिलीत एका इंग्रजी शाळेत लागली. तेव्हा काकूंनी सगळ्यांना पेढे वाटले होते, स्क्वेअरफूटलासुद्धा. शिक्षण हक्क कायदा 2009चा, पण तो आठवीपर्यंत. नववीपासून शाळेनं पूर्ण फी मागितली. जी फी मागितली ती ऐकून वकीलसाहेब म्हणाले, एवढ्यात मी दोन केसेस लढतो. लाइनमन म्हणाला, अन् हरतेही.

"हे पाहा," मास्तर स्क्वेअरफूटकडे वळले, "हे पोट्टे नववीत येतात आमच्याकडे. आठ वर्षं इंग्रजीत शिकलेले, आता भूगोल मराठीत लिहायचा. दुसरे येतात मनपाच्या प्राथमिक शाळांतून, तिसरे गावाकडून. विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी, ऊन असते म्हणून. दिवाळी, निवडणुकीची ड्युटी, बीएलओ म्हणून मतदार याद्यांचं काम, हे सगळं वजा कर. दोन वर्षं म्हणता म्हणता दीड वर्ष हाती येते. त्या दीड वर्षाचा दीड तारा दिला असशील तर बरोबर आहे."

"ते ठीक आहे," काकू म्हणाल्या, "पण टाकू का नाही?"

मास्तर म्हणाले, गणिताची बाई चांगली आहे, विज्ञानाची जागा रिकामी आहे. लाइनमन म्हणाला, घराजवळ आहे. वकीलसाहेबांनी जुनं एक जीआर आठवायला घेतलं. काकू म्हणाल्या, मुलींचं संडास कसं आहे ते सांगा, बाकी मी पाहून घेईन. ते कोणालाच माहीत नव्हतं. यादीत तर नव्हतंच. चार पुरुष तासभर शाळेवर बोलत होते (मला धरून पाच), आणि कोणालाच माहीत नव्हतं.

स्क्वेअरफूटनं आता हल्ला केला. हा हल्ला तो वर्षातून एकदा करतोच. "मास्तर, एवढी चांगली शाळा होती तर तुमचा पोरगा काहून नाही टाकला तिथं?"

"मी टाकणार होतो. बायकोनं अनुदानित शाळेत सेमी-इंग्रजीत टाकला. मी नववीले गणित शिकवू शकतो, घरी मले कोणतंच उत्तर येत नाही."

"म्हणजे वहिनींनी दीड तारा दिला होता."

हे बरं होतं. मास्तरही हसले, पण सोडणार थोडेच. "तू तर त्याच शाळेतला. खिडकीजवळ बसे हा, वकीलसाहेब. क्षेत्रफळाचं गणित दिलं की उत्तर नेहमी तीस टक्के जास्त काढे. मले वाटे पोट्ट्याचं चुकते. आता समजलं, तो सुपर बिल्टअप काढून राह्यला होता."

इथं कट्टा काही वेळ बंद पडला. लाइनमनला ठसका लागला, काकूंनी पाणी दिलं, आणि पलीकडच्या पानठेल्यावरचे दोघं काय झालं म्हणून पाहायला आले.

मग बराच वेळ पटावर बोलणं झालं. वकीलसाहेबांना 2011 आठवलं, ऑक्टोबरातली ती राज्यभरची पटपडताळणी, नांदेडचं प्रकरण निघाल्यावर झाली ती. तेव्हा हजेरीत पोरं होती आणि वर्गात नव्हती. मास्तर म्हणाले, आता उलटं आहे. आठवीतलं पोट्टं समोर बाकावर बसलं आहे, खिचडी खाऊन राह्यलं आहे, पण आधारचा मेळ बसत नाही म्हणून संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवताना, धरत नाहीत. पट कमी, म्हणून शिक्षकाचं पद कमी. पद गेलं की भूगोलवाल्याकडे विज्ञान. मंग निकाल पडते, मंग तू तारा कापतोस, मंग लोक पोट्टे काढतात, मंग पट आणखी कमी. "या चकरीत तुह्या यादीची जागा कुठं आहे, दिसलं का?"

"अन् मास्तरांचं काय?" वकीलसाहेबांनी खडा टाकला. "2025 ले पगाराच्या शालार्थ आयडीचं प्रकरण इथंच फुटलं नं? पगार घेणारे मास्तर कागदावर होते तसे."

"होते. ज्यांनी सह्या केल्या त्यांनाही विचारा, फक्त मास्तरालेच नको. पण साहेब, कागदावरचेच काढायचे तर पचमढीच्या डिझेलचे पैसेही कागदावरच आहेत तुमच्या."

झालं. पचमढीची ती सहल निघाली की शाळा, बोर्ड, महाराष्ट्र शासन, सगळं मागं पडतं. गाडी स्क्वेअरफूटची, डिझेल लाइनमननं भरलं, आणि वकीलसाहेब म्हणतात मी रोख दिले. कोणाला दिले, यावर गेली कित्येक वर्षं सुनावणी चालू आहे. मास्तरांनी माणशी हिशेब काढायला काडी घेऊन मातीत रेघा ओढल्या. वकीलसाहेबांनी पावती मागितली. लाइनमन म्हणाला, पावती तुमच्याच खिशात ठेवली होती, त्यावर तुम्ही तंबाखू मळली.

त्या गोंधळात स्क्वेअरफूटचा फोन वाजला. पार्टी होती. सक्करदऱ्यातलाच कुठला तरी जुना वन-बीएचके, बजेट कमी, दोन पोरं, आणि शाळा जवळ आहे का विचारत होती. कॉन्व्हेंटची फी झेपणारी नव्हती, हे त्याच्या बोलण्यावरून कळत होतं. हा उठून दोन पावलं लांब गेला, पण आवाज बिल्डरचा, तो चौकाच्या त्या टोकालाही ऐकू जातो.

"हाव नं दादा, शाळा एकदम चालत पाच मिनिटं! मनपाची आहे, पण टॉपची! नाही नाही, रिझल्टवर नका जाऊ, रिझल्ट असं काही सांगत नाही, नववीपासून पाहावं लागते. मी स्वतः तिथंच शिकलो! आमचे गणिताचे सर तर आता माझ्या बाजूलाच बसले आहेत, देऊ का फोन?"

मास्तरांनी काडी खाली टाकली. "दे इकडे. अन् कार्पेट किती आहे ते सांग आधी."

स्क्वेअरफूटनं फोन छातीशी दाबून धरला आणि मास्तरांपासून लांब, पानठेल्याच्या मागं पळाला. काकूंनी ओरडून सांगितलं, "त्याले संडासाचंही सांग बाप्पा!" फ्लॅटचं का शाळेचं, ते काही कोणी विचारलं नाही.