वरची खोली रिकामीच बरी

बुकिंग घटलं की सगळ्यात आधी दोषी शोधावा, आणि तो शक्यतो घराबाहेरचा असावा. छत्रपती संभाजीनगरात घराची वरची खोली अॅपवरून पाहुण्यांना भाड्याने देणाऱ्या होस्टला समृद्धी महामार्ग आयताच मिळालाय. 701 किलोमीटरचा रस्ता, इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पाही 5 जून 2025 ला खुला झाला, मोटारी 120 च्या वेगाने पळतात. मुंबईकर पहाटे निघतो, घृष्णेश्वराचं दर्शन घेतो, कैलास लेण्यासमोर फोटो काढतो आणि रात्री आपल्या घरी झोपायला जातो. मुक्काम करील कशाला? महामार्गावर भागलं नाही तर वंदे भारत आहे. 30 डिसेंबर 2023 ला जालन्याहून सुरू झाली, पुढे नांदेडपर्यंत गेली. त्याच रस्त्याने आणि त्याच गाडीने चार माणसं इकडेही येतात, असं कोणी म्हणालंच तर विषय अॅपवर कोणाची खोली आधी दाखवायची ते ठरवणाऱ्या अल्गोरिदमवर न्यावा. अल्गोरिदम उलट बोलत नाही.

दोषी ठरला की दर पाडा. थोडाथोडका नको, सरळ निम्मा. हिशोब करत बसू नका, कारण हिशोब असा निघतो: समजा खोलीचा दर 1,800 रुपये. एका मुक्कामामागे चादरींची धुलाई, सफाईच्या मावशी, एसीची वीज, पाणी, चहा-साखर मिळून 600 गेले, तर हातात राहतात 1,200. अॅपचं कमिशन वेगळं. आता दर 900 केला. मावशी निम्मे पैसे घेत नाहीत, मीटर अर्धं पळत नाही, 600 जातात ते जातातच. राहिले 300. आधी एका रात्रीत सुटायचं तेवढ्यासाठी आता चार रात्री खोली भरावी लागेल, चार वेळा चादरी बदलाव्या लागतील. शिवाय 900 च्या खोलीत दोघांचं बुकिंग करून सहाजण उतरतात, आणि सहाव्याला गादी का नाही म्हणून तोच रिव्ह्यू लिहितो.

दर पाडताना एक पथ्य पाळा: तो वर्षभर सारखाच ठेवायचा. महाशिवरात्र, श्रावणातले सोमवार, दिवाळीच्या सुट्ट्या या तारखा वेगळ्या काढून त्यांना वेगळा दर लावायला कॅलेंडरमध्ये दहा मिनिटं जातात. तेवढा वेळ कोणाकडे आहे? श्रावणी सोमवारची खोली एखादा हुशार माणूस दोन महिने आधी 900 ला धरून ठेवील. त्या रात्री अख्ख्या वेरूळात पाय ठेवायला जागा नसेल आणि तुम्ही खाली बसून मंदीवर बोलत असाल.

आता पाणी. इथे घाई करू नका, कारण पाहुणा कायमचा घालवण्याचं सगळ्यात खात्रीचं काम पाणीच करतं. लिस्टिंगमध्ये, म्हणजे अॅपवरच्या खोलीच्या जाहिरातीत, ‘24 तास पाणी’ लिहा. नळ किती दिवसांआड येतो हे लिहायचं नाही, आणि वरची टाकी 500 लिटरची असून खालच्या मजल्यावरचं तुमचं कुटुंबही तिच्यावरच आहे, हे तर मुळीच नाही. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी पडतं. लेण्यांतली धूळ अंगावर घेऊन आलेला माणूस आठ मिनिटं तरी त्याखाली उभा राहतो. चौघांचं कुटुंब एकदा आंघोळीला गेलं की 300 लिटर संपले. मग चौथ्याच्या डोक्याला साबण असताना नळ फुसफुसतो, तो वरून हाका मारतो आणि तुम्ही खालून ओरडता, ‘मोटार लावतो, दोनच मिनिटं!’ बोअर आटलेली असली तर ती दोन मिनिटं टँकर येईपर्यंत चालतात. पाहुण्यांसाठी 1,000 लिटरची वेगळी टाकी आणि तिच्यावर पाणी खाली गेलं की मोटार आपोआप लावणारा फ्लोट स्विच बसवला तर हा सगळा प्रसंगच टळेल, म्हणून बसवू नका.

टाकी काळी आणि उघड्या गच्चीवरच असावी. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेला की दुपारी थंड पाण्याच्या नळातून चटका बसतो. वर शेडनेट टाकलं की फरक पडतो, तेव्हा तेही राहू द्या. हिवाळ्यात मात्र उलटी व्यवस्था हवी: बाथरूममध्ये 3 लिटरचा इन्स्टंट गिझर. तो वॉशबेसिनपुरता ठीक असतो. डिसेंबरच्या पहाटे बादली भरायला घेतली की आधी वाफ येते, मग कोमट आणि मग बर्फ. 15 लिटरच्या गिझरमध्ये गार पाणी मिसळून आंघोळीच्या दोन बादल्या निघतात आणि पुन्हा तापायला वीसेक मिनिटं लागतात. पण हे पाहुण्याला आधी सांगितलं तर तो आंघोळीचे नंबर लावून घेईल आणि तक्रारीला जागा उरणार नाही.

बोअरच्या पाण्याचा क्षार हा तर आपला हक्काचा माणूस. शॉवरच्या भोकांत बसतो, चार भोकांतून धार भिंतीवर आणि दोन भोकांतून छताकडे. गिझरच्या कॉइलवर थर चढला की पाणी तापायला वेळ आणि बिल दोन्ही वाढतात. नळावर पांढरे डाग पडतात आणि आदल्याच दिवशी घासलेलं बाथरूम फोटोत अस्वच्छ दिसतं. शॉवरचं तोंड काढून रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवलं तर सकाळी मोकळं होतं. त्यापेक्षा आठ हजारांचा नवा टीव्ही लावावा. पाहुणा शॉवरखाली उभा असताना त्याला टीव्ही दिसत नाही, ही एक अडचण आहे.

कूलरबद्दल थोडक्यात: तो खोलीच्या आत, खिडक्या लावून चालवा. बाहेरची कोरडी हवा न घेता तो आतलीच हवा पुन्हा पुन्हा ओली करील आणि तासाभरात उशीसुद्धा दमट होईल. जुलैत तर काही करावंच लागत नाही. इन्व्हर्टर असेल तर ‘पॉवर बॅकअप’ एवढंच लिहा. त्यावर दोन पंखे आणि दिवे चालतात, एसी चालत नाही, हे पाहुण्याला लाईट गेल्यावर आपोआप कळतं.

फोटो कसे असावेत? शहरातल्या सिडको भागातल्या खोलीला कव्हर फोटो कैलास लेण्याचा लावावा. वेरूळ तीस किलोमीटर लांब आहे, पण पाहुणा नकाशा कुठे बघतो? तो रिक्षातून उतरून समोरची पिठाची गिरणी बघतो. खोलीचा फोटो मोबाइलच्या वाइड लेन्सने कोपऱ्यात चिकटून काढा, म्हणजे दहा बाय अकराची खोली मंगल कार्यालयासारखी दिसेल. पडदे ओढलेले, ट्यूबलाईट चालू, गादीवर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम. बाथरूमचा फोटो टाकूच नका. ज्याला बाथरूमचा फोटो दिसत नाही तो काय समजायचं ते समजतो आणि पुढच्या लिस्टिंगवर जातो.

नियमांची यादी लांबलचक हवी. बॅचलर नको, लग्न न झालेलं जोडपं नको, अंडं नको, चप्पल जिन्यात नको, चेक-इन दुपारी बारानंतरच, रात्री दहाला फाटक बंद. मुंबईहून देवगिरी एक्सप्रेस माणसाला पहाटेच स्टेशनावर आणून सोडते. तुमची खोली आदल्या रात्री रिकामीच होती. त्याला पाच वाजता दार उघडून दिलं, वर दोन-तीनशे घेतले, तर खर्च काही नाही आणि तो माणूस आयुष्यभर नाव काढील. पण नियम म्हणजे नियम. बसू द्या त्याला सात तास प्लॅटफॉर्मवर. अशा माणसाला रिव्ह्यू लिहायला भरपूर वेळ मिळतो.

पाहुण्याला माहिती देणं हाही एक धोका आहे. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. सोमवारी सकाळी उतरलेला माणूस जर पहिल्या दिवशी अजिंठा आणि दुसऱ्या दिवशी वेरूळ ठरवून आला असेल, तर त्याला दोन्ही दिवशी कुलूपच बघायला मिळेल. बुकिंग आल्याबरोबर त्याला एक ओळ पाठवली, ‘सोमवारी वेरूळ-देवगिरी करा, मंगळवारी अजिंठा,’ तर सगळं जुळतं. अजिंठा शंभर किलोमीटर, दिशा वेगळी, फर्दापूरजवळच्या टी पॉइंटला गाडी ठेवून पुढे एसटीच्या बसने जावं लागतं, म्हणजे पूर्ण दिवस. हे एवढं कळलं की एका रात्रीसाठी आलेला माणूस दुसरी रात्र वाढवतो. बिचाऱ्याचा खर्च कशाला वाढवायचा? गप्प राहा.

पाहुणा म्हणजे पर्यटकच, ही श्रद्धा ढळू देऊ नका. इथे उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, धुळ्या-नंदुरबारपासून लातूर-नांदेडपर्यंतचे पक्षकार आणि वकील तारखेला येतात, तेही ऐन आठवड्याच्या मधल्या दिवशी, म्हणजे तुमची खोली ओस असते तेव्हा. घाटीत, म्हणजे सरकारी रुग्णालयात, कोणी दाखल असलं की नातेवाइकांना आठ-दहा दिवस डोकं टेकायला जागा लागते. वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांत मशीन बसवायला येणारे इंजिनिअर तर पंधरा पंधरा दिवस राहतात. यांना गुलाबपाकळ्या नकोत. टेबल, खुर्ची, चालणारं वायफाय, कपडे वाळत घालायला दोरी आणि कंपनीला दाखवायला पक्कं बिल, एवढ्यावर ते महिन्या-महिन्याला परत येतात. आठवड्याच्या मुक्कामाला दहा-पंधरा टक्के सूट ठेवली तर आपणहून विचारतात. पण असली माणसं लेणी बघायला जात नाहीत. त्यांच्यासोबत इन्स्टाग्रामवर काय टाकणार?

मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी द्यावं, आणि तेही ‘ओके’ एवढंच. एअरबीएनबी या अॅपवर चांगल्या होस्टला मिळणारा सुपरहोस्टचा बिल्ला हवा असेल तर वर्षभरात किमान दहा मुक्काम, सरासरी 4.8 तारे, 24 तासांत 90 टक्के मेसेजना उत्तर आणि होस्टने रद्द केलेली बुकिंगं एका टक्क्याच्या आत, असा हिशोब दर तीन महिन्यांनी होतो. दहा रिव्ह्यूंपैकी नऊ पाच ताऱ्यांचे आणि एकच दोन ताऱ्यांचा असेल तर सरासरी 4.7 येते. म्हणजे तो साबण लागलेला चौथा माणूस एकटा पुरेसा आहे. त्याच्या रिव्ह्यूखाली उत्तर लिहायची संधी सोडू नका: ‘आपण बाथरूम कशा अवस्थेत सोडून गेलात ते आधी सांगा. आमच्याकडे फोटो आहेत.’ हे उत्तर तो एकदा वाचील. पुढे खोली शोधणारा प्रत्येक माणूस वाचील.

चार अॅपवर लिस्टिंग टाका आणि कॅलेंडर एकमेकांना जोडू नका. जोडायला फक्त एकाची लिंक दुसऱ्यात चिकटवायची असते, आणि तरीही ती ताजी व्हायला काही तास जातात, म्हणून मोठ्या सणाच्या तारखा हाताने बंद कराव्या लागतात. न जोडता ठेवलं तर एका रात्रीला दोन कुटुंबं दारात उभी राहतात. मजा येते. परदेशी पाहुणा आला तर त्याच्या माहितीचा फॉर्म (पूर्वीचा सी-फॉर्म) 24 तासांत ऑनलाइन भरायचा असतो, तोही विसरा. मग बुकिंगऐवजी पोलीस ठाण्यातून फोन येईल. फोन तरी येतोय.

हे सगळं नेटाने केलं की दोन-तीन महिन्यांत शेजारचे काका विचारतातच, ‘कामून हो, वरचा लाईट लागंना झाला?’ तेव्हा समृद्धी महामार्गापासून सुरुवात करावी. तोवर खोलीचा उपयोग ठरलेला असतो. गावाकडून भाऊ सोयाबीनची पोती आणून टाकतो. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून थांबलाय. पलंग भिंतीला उभा, गादी गुंडाळलेली, एसीच्या खाली चाळीस पोती. लिस्टिंग मात्र चालूच ठेवायची, बंद केली तर लोक काय म्हणतील?

आणि एवढं करूनही महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी रात्री साडेअकराला फोन वाजून बुकिंग आलंच, तर घाबरू नका. भावाला उठवू नका, चाळीस पोती रात्रीतून हलत नाहीत. एअरबीएनबीचं अॅप उघडून रद्द करा. चेक-इनला 48 तासांपेक्षा कमी उरलेत म्हणून बुकिंगच्या रकमेच्या 50 टक्के दंड बसेल. पण त्या तारखा अॅप आपणहून बंद करून टाकतं, तेव्हा निदान शिवरात्रीला तरी सोयाबीनला कोणी उठवणार नाही.