नेब्रास्का कशाने खचलं?

अमेरिकेतल्या ओमाहात किंवा लिंकनमध्ये चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, नेब्रास्काच्या फुटबॉल संघाची रया कधी गेली? उत्तर ठरलेलं आहे. 2003 साली, कोच फ्रँक सोलिचला काढलं तेव्हा. शेजारी हेच सांगतात, ऑफिसात हेच ऐकू येतं, मुलांच्या शाळेबाहेर गाडीत थांबलेले आईबापही हेच बोलतात. मला हे पटत नाही. आणि जोवर इथली माणसं हे एकच कारण धरून बसतील, तोवर हा संघ वर येणार नाही, असं मला मनापासून वाटतं. म्हणून आज जरा लांबण लावतोय.

पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी आधी थोडं. हा अमेरिकन फुटबॉल, आणि तोही विद्यापीठाच्या संघाचा. नेब्रास्का राज्याची लोकसंख्या जेमतेम वीस लाख. इथे एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा संघ नाही, एनबीएचा, म्हणजे बास्केटबॉलचाही नाही. जे काही आहे ते विद्यापीठाचा हा लाल संघ, हस्कर्स. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये 85 हजार माणसं बसतात. आपल्या वानखेडेवर साधारण 33 हजार. सामन्याच्या शनिवारी हे स्टेडियम म्हणजे राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर होतं. 1962 च्या नोव्हेंबरपासून इथला प्रत्येक सामना हाऊसफुल्ल आहे, चारशेच्या वर सामने झाले. मधल्या वाईट वर्षांत उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन मुलांना वाटली, पण साखळी तुटू दिली नाही. आणि प्रतिस्पर्धी संघ जिंकून मैदानाबाहेर जाताना इथले प्रेक्षक उभं राहून टाळ्या वाजवतात. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून या संघाचा झालो.

हा संघ एकेकाळी काय होता? कोच बॉब डेव्हनी 1962 साली आले, 1970 आणि 1971 ची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यांच्यानंतर टॉम ऑस्बोर्न 1973 पासून 1997 पर्यंत, सलग 25 सीझन, आणि एकाही सीझनमध्ये नऊपेक्षा कमी विजय नाहीत. 1994, 1995 आणि 1997 अशी तीन विजेतेपदं. 1993 ते 1997 या पाच सीझनमध्ये 60 विजय आणि 3 पराभव. 1995 च्या संघाला तर वर्षभरात 14 पेक्षा कमी गुणांच्या फरकाने कुणी हरूही शकलं नाही. अंतिम सामन्यात फ्लोरिडाला त्यांनी 62-24 असं लोळवलं. त्या संघाची रेकॉर्डिंग्ज मी आजही बघतो. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, चेंडू घेऊन कडेकडेने धावतो, समोरचा कुणाच्या अंगावर येतोय ते बघतो आणि शेवटच्या क्षणी ठरवतो, चेंडू स्वतःकडे ठेवायचा की बाजूच्याला द्यायचा. याला ऑप्शन म्हणतात. समोरच्या संघाला काय येणार हे माहीत असायचं, तरी अडवता यायचं नाही, कारण पुढची पाच आडदांड पोरं वाट साफ करून ठेवायची.

आता मुद्द्यावर येतो. ही ताकद कुठून आली होती?

पहिली गोष्ट, व्यायामशाळा. 1969 साली नेब्रास्काने बॉइड एप्ली यांना खेळाडूंच्या ताकदीसाठी नेमलं. त्या काळात वजनं उचलली की खेळाडू जड होतो, मंदावतो, असं भलेभले कोच मानायचे. एप्लींनी ते खोटं ठरवलं. पुढे 1978 साली या क्षेत्राची राष्ट्रीय संघटना त्यांनीच उभी केली, आणि एप्लींकडे शिकलेली माणसं देशभर पसरली. म्हणजे नेब्रास्काने आपलं गुपित स्वतःच्या हाताने सगळ्यांना शिकवलं. मला याचा अभिमान वाटतो, पण त्याची किंमत मोजावी लागली हेही खरं.

दुसरी गोष्ट, वॉक-ऑन. स्कॉलरशिप नसताना, स्वतःची फी भरून संघात येणारी पोरं. मका आणि गुरं असलेल्या छोट्या छोट्या गावांतून ती यायची. पहिली दोन-तीन वर्षं नुसता सराव, मार खाणं, वजन वाढवणं. मग कधीतरी चौथ्या वर्षी त्यातला एखादा पहिल्या फळीत उभा राहायचा. सरावालाच एवढी माणसं असायची की एकाच वेळी अनेक ठिकाणी सराव चालायचा, इतरत्र पोरं रांगेत उभी असायची तेव्हा इथली घाम गाळत असायची. माझ्या मते नेब्रास्काचं सगळ्यात मोठं बळ हेच होतं.

तिसरी गोष्ट, टीव्ही. 1984 पर्यंत कॉलेज फुटबॉलचे कोणते सामने टीव्हीवर दिसणार हे एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना ठरवायची. मोजके सामने, त्यामुळे मोजकेच संघ देशभरातल्या पोरांना दिसायचे. नेब्रास्का त्यातलं एक. त्या वर्षी सुप्रीम कोर्टाने ही मक्तेदारी मोडली, खटल्यात पुढे होतं ते ओक्लाहोमा विद्यापीठ, नेब्रास्काचं जुनं वैरी. पुढे केबल आली आणि हळूहळू सगळेच दिसू लागले. टेक्सास-फ्लोरिडातल्या पोराला बर्फात येऊन खेळण्याचं एक मोठं कारण संपलं.

त्यात नियमांची भर. स्कॉलरशिपची मर्यादा 1973 मध्ये 105 होती, मग 95, मग नव्वदच्या दशकात 85. मोठ्या संघांना पोरं साठवून ठेवता येईनात. 1996 साली बिग ट्वेल्व्ह ही नवी कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, झाली. परीक्षेतले गुण थोडे कमी पडलेल्या, पण वर्षभर अभ्यास करून पात्र ठरू शकणाऱ्या खेळाडूंना घेण्यावर तिने कडक बंधनं घातली. नेब्रास्का अशा पोरांना संधी द्यायचं. आणि ओक्लाहोमाशी दरवर्षीची लढतही त्याच बदलात गेली. 1971 च्या थँक्सगिव्हिंगला नेब्रास्काने 35-31 ने जिंकलेला सामना ज्या वैराने दिला, ते वैर वेळापत्रकात बसेना म्हणून दोन वर्षं सामना, दोन वर्षं खंड असं झालं. 2011 साली बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेल्यावर तेही जवळपास संपलं. पैसा भरपूर आला. टेक्सासमधल्या शाळांशी असलेला घरोबा मात्र गेला, आणि ओहायो-पेनसिल्व्हेनियात नेब्रास्काला ओळखणारं कोण होतं?

यातलं बरंचसं सोलिचना काढण्याआधीच सुरू झालं होतं. 2001 मध्ये इथल्या एरिक क्राउचला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली, पण त्याच सीझनमध्ये कोलोरॅडोने 62-36 ने धुतलं आणि अंतिम सामन्यात मायामीने 37-14. 2002 मध्ये 7 विजय, 7 पराभव. पाया खचायला लागला होता. सोलिच 58 विजय आणि 19 पराभव अशा कामगिरीवर गेले. त्यांना काढणं अन्यायाचं होतं असंच माझं मत आहे, पण ते राहिले असते तरी 1995 परत आलं नसतं.

चूक झाली ती त्यानंतर. आपली जुनी ताकद का ओसरली याचा विचार न करता तारणहार शोधणं सुरू झालं. एनएफएलमधून बिल कॅलाहन आणले, ऑप्शन मोडीत काढला, पहिल्याच वर्षी 5 विजय, 6 पराभव. 35 वर्षं सलग बोल सामना, म्हणजे सीझनअखेर चांगल्या संघांना मिळणारा खास सामना, खेळणारा संघ घरी बसला. मग बो पेलिनी. दरवर्षी नऊ-दहा विजय, तरी 2014 नंतर त्यांना काढलं. मग माइक रायली, 2017 ला 4-8. मग घरचाच पोरगा, स्कॉट फ्रॉस्ट, 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. तेव्हा इथे लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलंय. फ्रॉस्ट 16 विजय आणि 31 पराभव घेऊन गेले. 2021 मध्ये नऊ सामने हरले, आणि नऊच्या नऊ एक आकडी फरकाने. अशा पराभवांना दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत कोण खचतं आणि कोण नाही, हे सरावाच्या मैदानावर ठरतं.

या सगळ्या काळात शेजारच्या आयोवाकडे बघा. कोच कर्क फेरेंट्झ 1999 पासून तिथे आहेत. तेही छोटंसं शेतीचं राज्य, तोच बर्फ, तसेच वॉक-ऑन. 2015 ते 2021 सलग सात वर्षं त्यांनी नेब्रास्काला हरवलं. 2023 आणि 2024 मध्ये दोन्ही वेळा 13-10, दोन्ही वेळा शेवटच्या क्षणाच्या किकवर. नेब्रास्काची जुनी शिदोरी आज आयोवाकडे आहे, आणि हे मला फार लागतं.

आणि मग इंडियाना. बिग टेनमधलाच संघ, देशात सर्वाधिक पराभव ज्याच्या नावावर असायचे तो. 2023 मध्ये 3-9. कोच कर्ट सिग्नेटी आले, जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले पारखलेले खेळाडू ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, सोबत घेऊन आले. 2024 मध्ये 11 विजय आणि 2025 च्या सीझनमध्ये थेट राष्ट्रीय विजेतेपद. अंतिम फेरीत समोर होतं मायामी, 2001 नंतर घसरत गेलेलं आणि आता पुन्हा उभं राहिलेलं. म्हणजे बुडालेला संघ वर येऊ शकतो आणि कधीच वर नसलेलाही. लहान राज्य, थंडी, जवळपास खेळाडू नाहीत, ही नेब्रास्काची सगळी कारणं त्या एका सामन्याने निकालात काढली. इंडियानाने नावाजलेली पोरं गोळा केली नव्हती. इतरांनी दुर्लक्षिलेली, दोन-तीन वर्षं मैदानात घासलेली पोरं ओळखली. नेब्रास्का हेच तर करायचं!

इथे कोच म्हणून मॅट रूल आल्यावर 2024 मध्ये आठ वर्षांनी बोल सामना मिळाला, बॉस्टन कॉलेजला 20-15 ने हरवलं. 2025 च्या ऑक्टोबरात त्यांचा करार 2032 पर्यंत वाढवला. बऱ्याच जणांना ही घाई वाटली. मला ती योग्य वाटते, कारण सोलिचनंतर चार कोच बदलून काय मिळालं ते दिसतंच आहे. पण त्याच काळात संघाची सगळी भिस्त डिलन रायोला या एका गाजलेल्या क्वार्टरबॅकवर होती. त्याचे वडील याच संघात सेंटर, म्हणजे पुढच्या फळीच्या मधोमध खेळणारे होते. दोन सीझन झाले आणि तो पोर्टलमधून निघून गेला. त्याला दोष देत नाही, नियमाने त्याला तो हक्क आहे. पण 2021 पासून खेळाडूंना आपलं नाव जाहिराती वगैरेंसाठी वापरू दिल्याचे पैसे मिळतात, 2025 पासून विद्यापीठं स्वतः वर्षाला साधारण 2 कोटी डॉलरपर्यंत वाटू शकतात. या बाजारात झगमगत्या नावावर सगळं लावणं नेब्रास्काला परवडणारं नाही.

माझं ठाम म्हणणं एवढंच, पैसा आधी पुढच्या फळीवर लावा. इतर कॉलेजांत दोन वर्षं खेळलेली, वयाने थोडी मोठी, धिप्पाड पोरं आणा आणि त्यांच्या बाजूला गावाकडची पोरं तयार करा. त्यातही एक नवी अडचण आहे. ज्या कोर्टाच्या तडजोडीने खेळाडूंना पैसे मिळू लागले, तिनेच संघात 105 खेळाडूंची कमाल मर्यादा घातली. खेळाडूंना त्यांचा वाटा मिळाला याचा मला आनंदच आहे, तो पन्नास वर्षांपूर्वी मिळायला हवा होता. पण फी भरून, काहीही न मागता सरावाला उभं राहणाऱ्या पोरासाठी दार का बंद करायचं? मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांचं यात फारसं बिघडत नाही. इथल्या तीनशे वस्तीच्या गावातल्या पोराचं बिघडतं. नेब्रास्काने या मर्यादेविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज उठवायला हवा, एकट्याने उठवावा लागला तरी.

याच स्टेडियमवर 30 ऑगस्ट 2023 ला मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्याला 92,003 लोक आले होते. तो व्हॉलीबॉल संघ अनेक दशकं सातत्याने देशात अव्वल आहे, त्याच राज्यात, त्याच थंडीत, गावाकडच्या मुली घेऊन. फुटबॉलवाल्यांनी दूर कुठे जायची गरज नाही, त्या कोचेसना भेटून विचारावं, दरवर्षी नव्या मुली येतात आणि संघ तसाच कसा राहतो.

येत्या सीझनमध्ये मी किती सामने जिंकले हे मोजणार नाही. नोव्हेंबरात चौथ्या क्वार्टरमध्ये, दोन यार्ड हवे असताना, आपली पाच पोरं समोरच्यांना मागे रेटतात का, ते बघणार आहे. आयोवाविरुद्ध तर नक्कीच.